चार चादरी आणि तीन ट्रॅक्टर

अहिल्याला पहिला संशय आला तो एका पिवळ्या ठिपक्यावरून.

दोन हजार पाच सालच्या जूनमधला रविवार. तिचा नवरा प्रल्हाद टेबलापाशी पेपर उघडून बसला होता आणि त्याच्या उजव्या कानामागे, केसांच्या कडेला, मसुराएवढा पिवळा ठिपका होता. दुसरी कुणी असती तर हळद समजून बोटाने पुसून मोकळी झाली असती. पण अहिल्या गेली अकरा वर्षं गाड्यांच्या रंगांच्या लॅबमध्ये काम करत होती. गाडीचा दरवाजा एका कारखान्यातून येतो, बंपर दुसऱ्यातून, आणि दोघांचा लाल भर उन्हात शेजारी शेजारी ठेवला तरी एकच दिसला पाहिजे, हे बघणं तिचं काम. चहाचा कप ठेवताना तिने जरा वाकून पाहिलं. हळद नव्हती. इनॅमल होतं. ट्रॅक्टरला मारतात ते.

आणि त्यांच्या घरातला ट्रॅक्टर लाल होता.

ट्रॅक्टर म्हणजे शेत नांगरणारं धूड नव्हे. हे गार्डन ट्रॅक्टर, कमरेएवढे उंच, चार चाकं, एक सीट, पुढे घोड्याच्या तोंडासारखं लांबट बॉनेट. साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या लोकांनी अंगणातलं गवत कापायला आणि बर्फ ढकलायला घेतलेले, आणि मग कुठल्या तरी शेडमध्ये गंजत पडलेले. प्रल्हादचं ऑफिसातलं काम मोटारींच्या इंजिनांच्या सॉफ्टवेअरचं. दिवसभर इंजिन त्याला फक्त स्क्रीनवरच्या आलेखात दिसायचं. दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी घरच्या जुन्या सामानाच्या गराज सेलमधून त्याने लाल रंगाचा जुना व्हील हॉर्स ट्रॅक्टर आणला, हिवाळाभर त्याचा स्क्रू न् स्क्रू खोलला, घासला, जोडला. एप्रिलमध्ये तो फटफटत सुरू झाला तेव्हा हा पन्नाशीचा माणूस मोज्यांनिशी रस्त्यावर नाचला होता.

पण तो हिवाळा अहिल्याच्या गाडीने बाहेर काढला होता. मिशिगनच्या थंडीत रोज सकाळी काचेवरचा बर्फ खरवडताना तिच्या बोटांना मुंग्या यायच्या. तिने प्रल्हादला स्वच्छ सांगितलं होतं, "या गराजमध्ये दुसरा ट्रॅक्टर आला, तर मी या घरातून गेलेच म्हणून समज."

प्रल्हादने शब्द दिला आणि अक्षरशः पाळला. त्या गराजमध्ये दुसरा ट्रॅक्टर आला नाही.

बुधवारी ऑफिस सुटल्यावर ती मालिनीकडे चकलीचा सोऱ्या परत करायला गेली. मालिनी आणि अनिल दोन चौक पलीकडे राहायचे. गराजचं दार उघडंच होतं. आत, फ्रीजच्या शेजारी, काहीतरी झाकून ठेवलं होतं, आणि वरच्या चादरीवर निळी बदकं होती.

अहिल्या थबकली. ही बदकं तिची होती. आन्या पाच वर्षांची असताना तिच्यासाठी घेतलेली चादर. आन्या आता ॲन आर्बरला कॉलेजात होती, आणि ही चादर गेल्या थंडीपासून सापडत नव्हती. तिने टोक धरून उचललं. खाली पिवळा ट्रॅक्टर.

"अगं, थँक यू हं," मालिनी आतून हात पुसत आली. "चादर तू दिलीस ना? प्रल्हाद म्हणाला, अहिल्यानेच पाठवलीये, धूळ बसू नये म्हणून."

"मीच दिली," अहिल्या म्हणाली. तिच्या तोंडून हे कसं निघालं ते तिलाच कळलं नाही.

घरी येऊन तिने कपाट उघडलं आणि चादरी मोजल्या. चार कमी होत्या.

त्या रात्री भात वाढताना तिने प्रल्हादकडे एकदाही नीट पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर हसू फुटलं असतं की रडू, याची तिला खात्री नव्हती. पुढच्या चार दिवसांत तिने तपास केला. देवदत्त नावाचा प्रल्हादचा एकटा राहणारा मित्र होता. त्याच्याकडे आंब्याच्या लोणच्याची बरणी द्यायचं निमित्त काढलं. कोयरीच्या चादरीखाली नारिंगी ट्रॅक्टर. देवदत्त घामाघूम झाला. "वहिनी, मी काही बोललो नाही हं. यार, तो मला मारेल."

"तू काही बोललाच नाहीस," अहिल्या म्हणाली. "आणि मी आलेच नव्हते. लोणचं उन्हात ठेव दोन दिवस."

तिसरी चादर मोरेश्वरकाकांच्या मागच्या शेडमध्ये निघाली. काका सत्तर वर्षांचे. नागपूरला एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेलं, आता मुलाकडे राहत. त्यांनी लपवाछपवी केलीच नाही. स्वतःच चादर ओढून खाली टाकली.

"बघ पोरी. सत्तरच्या सालातला आहे. हे इंजिन म्हणजे एकच सिलिंडर, पण काय आवाज! बसतेस?"

"मी भांडायला आलेय काका."

"बसून भांड की."

ती बसली. सीट तिच्या अंदाजापेक्षा मऊ होती. वेग ठरवणाऱ्या थ्रॉटलच्या दांडीच्या खाचेच्या एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. काकांनी क्लच दाखवला, ब्रेक दाखवला, किल्ली फिरवली. खालून एक थरथर निघाली ती तिच्या पोटऱ्यांतून, मांड्यांतून, पाठीच्या कण्यातून थेट दातांपर्यंत आली. दांडी कासवाकडे होती. ट्रॅक्टर शहाण्यासारखा शेडमधून बाहेर पडला. अहिल्याने मागे वळून पाहिलं; काका मान डोलावत होते. मग तिने दांडी सशाकडे ढकलली.

काकांचे तीन टोमॅटोचे वेल गेले. पण अहिल्या त्या अंगणाला पाच फेऱ्या मारून आली तेव्हा तिचे केस सुटले होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि ती इतकी हसत होती की इंजिन बंद करायचंही तिला सुचेना. काकांनीच हात घालून किल्ली फिरवली.

"भांडण झालं?" काकांनी विचारलं.

"नाही," ती धापा टाकत म्हणाली. "पण काका, मालिनीकडचा तो पिवळा... चूक आहे हो. मूळ पिवळ्यात एवढी हिरवी झाक नसते. मला फसवलं ते फसवलं, पण असा रंग मारायचा?"

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने लॅबमध्ये बरोबर पिवळा जुळवला. डबा मालिनीच्या गराजमध्ये, ट्रॅक्टरच्या सीटवर ठेवून आली. आठवड्याने प्रल्हाद अनिलला फोनवर सांगत होता, "अरे, तुझा डोळा म्हणजे काय डोळा आहे रे! कुठून मिळवलास हा रंग?" पलीकडे अनिल काय म्हणाला कोण जाणे. अहिल्या स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होती आणि तिचे खांदे गदगदत होते.

राहिली चौथी चादर. ती सापडली प्रल्हादच्या गाडीच्या डिकीत, घडी केलेली, कोरी. तिच्या पोटात एक छापील फोटो होता. पांढऱ्याशुभ्र अंगाचा ट्रॅक्टर, आणि त्याचं बॉनेट आणि सीट निळी. साधी निळी नाही; पहाटेच्या धुक्यात सूचिपर्णी झाडं दिसतात तसली, राखेची झाक असलेली निळी. जॉन डीअर कंपनीने एकोणसत्तरच्या सुमाराला थोडे दिवस आपला हिरवा सोडून असे चार रंग काढले होते, खास बायकांना आवडावेत म्हणून. ते फारसे खपले नाहीत, आणि म्हणूनच आता लोक त्यांच्यामागे वेडे होते. फोटोखाली प्रल्हादच्या अक्षरात एकच शब्द होता: 'कुठे?'

चादर आधी घेऊन ठेवली होती माणसाने. ट्रॅक्टर नव्हता, तरी पांघरूण तयार होतं. तिला त्याचा राग यायला हवा होता. त्याऐवजी तिला तो निळा हवा झाला. अगदी लहान मुलीच्या हट्टासारखा, आत्ताच्या आत्ता.

लॅबमध्ये तिच्या शेजारी डॉना नावाची बाई बसायची. अहिल्याने तिला फोटो दाखवला, तर डॉना म्हणाली, "हा? हा माझ्या आत्याच्या शेतावरच्या बार्नमध्ये आहे. त्याच्यावर कोंबड्या बसतात."

शनिवारी मॅपक्वेस्टच्या नकाशाचा प्रिंटआउट मांडीवर घेऊन अहिल्या उत्तरेला तासभर गाडी चालवत गेली, लपीर गावाच्याही पुढे. डॉनाची आत्या हॅटी एक्याऐंशी वर्षांची होती, पाच फुटांहून कमी उंचीची, पायांत गमबूट. बार्नच्या कोपऱ्यात, गवताच्या गठ्ठ्यांमागे, कोंबड्यांच्या विष्ठेने माखलेलं एक बॉनेट दिसत होतं. अहिल्याने रुमाल थुंकीने ओला केला आणि हातभर जागा पुसली. खालून तो निळा निघाला.

"विकायचा नाही मला," हॅटी म्हणाली. "म्हणजे कुणालाही विकायचा नाही. तिघं येऊन गेले. एकजण तर तुमच्याकडचाच होता, फार गोड माणूस. दोनदा आला. येताना पिवळी, गोल गोल मिठाई आणली होती, वर बेदाणा लावलेली."

अहिल्याच्या हातातला रुमाल थांबला. ते बेसनाचे लाडू तिने वळले होते. ऑफिसच्या पॉटलक जेवणासाठी म्हणून डबा भरून दिला होता.

"मग त्याला का नाही दिलात?"

"मी विचारलं, ठेवणार कुठे? म्हणाला, मित्राकडे, बायकोला कळता कामा नये. मी म्हटलं, बाबा रे, जो माणूस ट्रॅक्टर बायकोपासून लपवतो त्याला मी सुतळीचा तुकडासुद्धा देणार नाही."

फोटोखालचा तो 'कुठे?' अहिल्याला आत्ता कळला. मग ती म्हणाली, "ती बायको मी."

हॅटीने तिच्याकडे पाहिलं. एक कोंबडी ओरडली. आणि मग दोघी अशा हसत सुटल्या की हॅटीला गवताच्या गठ्ठ्यावर बसावं लागलं, आणि अहिल्या तिच्याशेजारी बसली तर गठ्ठाच कलला आणि दोघी खाली. मी कुणापासून लपवणार नाही, असं अहिल्या म्हणाली आणि सौदा त्या जमिनीवर बसल्या बसल्याच ठरला.

पण आधी प्रल्हादची जरा जिरवायची होती; तोवर हा ठेवायचा कुठे? मालिनी, देवदत्त, काका, सगळी गराजं प्रल्हादने आधीच अडवलेली. शेवटी हॅटी म्हणाली, इथेच राहू दे, तू येत जा. मग दर शनिवारी अहिल्या "योगाच्या क्लासला" जाऊ लागली. बरोबर मोरेश्वरकाका, तेही योगालाच. इंजिन जाम झालेलं होतं. काकांनी सिलिंडरमध्ये तेल ओतलं आणि म्हणाले, आता आठ दिवस याला काही बोलायचं नाही. आठ दिवसांनी पिस्टन हलला. पंख्याच्या झाकणाखाली उंदरांनी आन्याच्या बाहुलीच्या गादीएवढं घरटं केलं होतं. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल वाळून गुळाच्या ढेपेसारखं झालं होतं. ते अहिल्याने दात घासायच्या ब्रशने काढलं. काका मराठीत शिव्या घालायचे, हॅटी इंग्रजीत सल्ले द्यायची, आणि दोघांचं एकमेकांना बरोबर कळायचं.

रंग मात्र तिने कुणाला हात लावू दिला नाही. सीटच्या खालच्या बाजूला, जिथे ऊन कधी पोचलं नव्हतं, तिथे मूळ निळा शाबूत होता. त्याच्याशी जुळवताना सोळा नमुने फुकट गेले. सतरावा तिने पत्र्यावर मारला, काढलेल्या सीटबरोबर बार्नबाहेर उन्हात नेला, मूळ निळ्यावर टेकवला, आणि पत्र्याची कड दिसेनाशी झाली. तिने तिथूनच आन्याला फोन लावला.

"आई, are you crying?"

"अगं नाही. एक निळा जमला."

"Is this, like, a yoga thing?"

"हो," अहिल्या म्हणाली. "बाबांना सांगू नकोस."

घरी ती नखांत ग्रीस घेऊन यायची. प्रल्हाद म्हणायचा, "योगाने तुझ्या चेहऱ्यावर तेज आलंय हं." आणि लगेच विषय बदलायचा, कारण त्याला देवदत्तकडे "ऑफिसचं डॉक्युमेंट" बघायला जायचं असायचं. उन्हाळाभर दोघं एकमेकांशी इतक्या गोडीने वागत होते की लग्नाच्या पहिल्या वर्षातही वागले नसतील.

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी लपीरजवळच्या मैदानावर जुन्या ट्रॅक्टरांची जत्रा होती. प्रल्हादने ऑफिसच्या बाहेरगावच्या मीटिंगला, ऑफसाइटला जायचंय म्हणून सांगितलं आणि "जरा ट्यूनिंगला" म्हणून लाल ट्रॅक्टर देवदत्तच्या ट्रेलरवर चढवला. अहिल्या म्हणाली, तिचं योगाचं दिवसभराचं शिबिर आहे. दोघांनी एकमेकांना सँडविचं बांधून दिली.

तिथली मुख्य मजा म्हणजे हळू पळवायची शर्यत. शंभर फुटांची पट्टी, सगळ्यांनी एकदम निघायचं, आणि जो सगळ्यात शेवटी पोचेल तो जिंकला. क्लचला पाय लागला की बाद. ब्रेकला लागला की बाद. इंजिन बंद पडलं तरी बाद. इतकं हळू चालवायचं की इंजिन मरता मरता जगलं पाहिजे. हॅटीने अहिल्याचं नाव परस्पर घालून टाकलं होतं.

सात ट्रॅक्टर ओळीत उभे राहिले. अहिल्या सहाव्या जागेवर, डोक्यावर हॅटीची गवती हॅट. सातव्या जागेवर एक लाल ट्रॅक्टर फटफटत आला. तिने मान वळवली नाही. झेंडा पडला.

सात इंजिनं धापा टाकत, खोकत निघाली. दहा फुटांवर एक बंद पडलं. लोक ओरडले. अहिल्याला डाव्या कानात इंजिनाचा आवाज येत होता आणि उजव्या कानात अचानक कुणीतरी श्वास आत ओढल्याचा. लाल ट्रॅक्टरवरचा माणूस तिच्या बॉनेटकडे बघत होता. मग त्याची नजर बॉनेटवरून स्टिअरिंगवर आली, स्टिअरिंगवरून तिच्या बांगडीवर, आणि बांगडीवरून वर.

"अहिल्या?"

"समोर बघ. पाय क्लचकडे नेऊ नकोस, बाद होशील."

"तू... हे... तू योगाला..."

"आणि तू ऑफसाइटला."

दोघं शेजारी शेजारी, गोगलगाईच्या चालीने पुढे सरकत होते. थांबता येत नव्हतं, पळताही येत नव्हतं. पंचवीस वर्षांच्या संसारात एवढं सोईचं भांडण त्यांना कधी मिळालं नव्हतं.

"मालिनीकडचा पिवळा," अहिल्या समोर बघत म्हणाली. "देवदत्तकडचा नारिंगी. काकांकडचा. माझ्या चार चादरी!"

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"जूनपासून."

"जूनपासून? आणि तू काही बोलली नाहीस?" प्रल्हादचा आवाज चढला. "मी उन्हाळाभर झोपलो नाही नीट!"

"मग पिवळा रंग कोणी जुळवला असं वाटलं तुला? अनिलने? त्याला शर्टाला मॅचिंग पँट सापडत नाही!"

आणखी दोन ट्रॅक्टर मध्येच बंद पडले, दोन रेषेपलीकडे निघून गेले. पट्टीवर आता दोघंच उरले. भोंग्यावरचा निवेदक म्हणत होता की हे दोन स्पर्धक बहुधा एकमेकांना प्रोत्साहन देत आहेत. लोक टाळ्या वाजवत होते. काठावर काका, देवदत्त आणि हॅटी उभे होते. देवदत्तने तोंड झाकून घेतलं होतं.

"अहिल्या, चुकलो मी," प्रल्हाद म्हणाला. रेषा वीस फुटांवर होती. "सांगायला हवं होतं. पहिल्या चादरीलाच सांगायला हवं होतं."

"हो. हवं होतं."

"पण हा तुला मिळाला कसा? त्या म्हातारीने मला दारातून हाकललं होतं!"

"मी लपवणार नाही म्हणाले."

"आणि मग लपवलास!"

अहिल्याला हसू आलं, आणि ते आवरेना. प्रल्हादही हसायला लागला. त्याचा ट्रॅक्टर त्याच्या पोटाबरोबर हिंदकळू लागला. तो सारखा निळ्या बॉनेटकडे वळून बघत होता, पण बाजूने त्याला अर्धंच दिसत होतं. दहा फूट राहिले. आठ. अजून कोण जिंकेल याचा काही नेम नव्हता. मग त्याने एकदम थ्रॉटल पुढे ढकलला. लाल ट्रॅक्टर उडी मारून रेषेपलीकडे गेला. प्रल्हाद शर्यत हरला, इंजिन चालू ठेवूनच खाली उतरला आणि रेषेवर उकिडवा बसला, म्हणजे तो निळा त्याला समोरून येताना दिसावा.

अहिल्या आपल्या चालीने आली. पूर्ण एक मिनिट लागलं. प्रल्हाद सबंध मिनिट पापणी न हलवता बघत होता.

"मूळचा रंग आहे?" त्याने हळूच विचारलं.

"सीटखाली आहे तो मूळचा. बाकी माझा. सांग बघू, जोड कुठे आहे ते."

त्याने बॉनेटवरून हात फिरवला, सीट उचलून पाहिलं, पुन्हा हात फिरवला. जोड त्याला सापडला नाही. त्याने मान वर केली तेव्हा त्याचे डोळे ओले होते. "मी एक फेरी मारू?"

"थांब," मागून हॅटी म्हणाली. ती गमबूट आपटत पट्टीवर आली होती. "छत्तीस वर्षं हा माझ्या बार्नमध्ये उभा होता. माझ्यासाठी म्हणून नवऱ्याने घेतला, आणि एकदा मला बसू दिलं असेल तर शपथ. आधी मी."

अहिल्या उतरली. तिने आणि प्रल्हादने दोन बाजूंनी धरून हॅटीला सीटवर चढवलं. काकांनी क्लच दाखवला. ब्रेक दाखवायला ते वाकले, तेवढ्यात हॅटीने हाताला लागलेली दांडी जोरात ढकलली.

निळा ट्रॅक्टर मैदानातून सुसाट निघाला, घरगुती गोड 'पाय' विकणाऱ्या स्टॉलच्या दिशेने. हॅटीची किंकाळी आधी घाबरलेली होती, मग राहिली नाही. "ब्रेक! अहो बाई, ब्रेक!" मोरेश्वरकाका मराठीत ओरडत बाजूने धावत होते. स्टॉलवरच्या बायका भोपळ्याच्या आणि सफरचंदाच्या 'पाय'च्या थाळ्या दोन्ही हातांत उचलून मागे सरल्या. अहिल्याने प्रल्हादचा हात धरला आणि ओढलं.

"पळ ना! बघतोस काय?"

आणि दोघं धावत सुटले, ट्रॅक्टरच्या मागे, हसता हसता धाप लागेपर्यंत, आणि तरीही पळतच.